दोन शिक्षक, चार इयत्ता: बहुवर्ग शाळेतला दिवस कसा लावायचा

पहिलीला पाटीवर ‘र’ गिरवायला दिला आणि दुसरीच्या वजाबाकीकडे वळलं, की पाच मिनिटांत पहिली पाटी समोर येते. ‘बाई, झालं.’ मागोमाग दुसरी येते, तिसरी येते. त्या पाट्या बघेपर्यंत दुसरीचं हातच्याचं गणित फळ्यावर अर्धवट राहतं. शेजारच्या खोलीत गुरुजी तिसरी-चौथी घेऊन बसलेले असतात, त्यांना हाक मारून उपयोग नसतो. दुपारपर्यंत घसा बसतो. संध्याकाळी कुलूप लावताना मनात येतं, दिवसभर बोलले खरी, पण शिकलं कोण?

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे असे फोन मला दर जुलैत येतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे. वीस वर्षांत माझ्या तीन शाळा झाल्या, तिन्ही सह्याद्रीच्या उतारावरच्या, तिन्ही द्विशिक्षकी. आताच्या शाळेचा पट २७ आहे: पहिलीत ६, दुसरीत ८, तिसरीत ५ आणि चौथीत ८.

डी.एड.ला आपले सराव पाठ होतात एका वर्गावर. एक इयत्ता, एक घटक, एक तासिका. प्रत्यक्षात शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या टप्प्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक धरलेले आहेत. वाड्यावस्त्यांवर ६० पट कुठून येणार? म्हणजे अशा शाळांत एकाहून जास्त इयत्ता एका शिक्षकाने सांभाळणं हीच नेहमीची स्थिती आहे. ‘अजून एक शिक्षक मिळाला की नीट करू’ असं म्हणत वर्षं काढू नका. त्याच कायद्यात या टप्प्यासाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. दोन इयत्ता तुमच्याकडे असतील आणि वेळ तुम्ही इयत्तांवर वाटलात, तर एकेकीच्या वाट्याला दोन तास येतात. उरलेल्या दोन तासांत ते मूल काय करतं, यावर त्याचं वर्ष ठरतं.

म्हणून वेळ इयत्तांवर वाटू नका. आधी काम वाटा. एक असतं बाई जवळ हव्यातच असं काम, आणि दुसरं बाईंशिवाय होणारं काम. आमच्या शाळेत मुलं त्यांना ‘बाईंचं काम’ आणि ‘आपलं काम’ म्हणतात. मी पुढेही तेच शब्द वापरते.

जूनमधले पहिले सहा दिवस: प्रत्येक मुलाजवळ दहा मिनिटं

शाळा उघडल्यावर पुस्तकं वाटली की लगेच पहिला पाठ सुरू करण्याचा मोह होतो. थांबा. आधी एकेका मुलाला जवळ घेऊन बसा. २७ मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे २७० मिनिटं. रोज पाऊण तास दिला तर सहा दिवसांत होतं. तेवढा पाऊण तास सोबतच्या शिक्षकांनी सगळ्या मुलांना गाणी, गोष्टी, मैदानावरचे खेळ यांत गुंतवायचं आणि दुसऱ्या पाऊण तासात तुम्ही त्यांच्यासाठी तेच करायचं.

वाचनाच्या पायऱ्या साध्या ठेवा: अक्षर ओळखतं का, साधा शब्द वाचतं का, चार ओळींचा सोपा परिच्छेद वाचतं का, छोटी गोष्ट वाचून काय झालं ते सांगतं का. मुलांना वाचता-मोजता येतं का ते घरोघरी जाऊन बघणाऱ्या, २००५ पासून चाललेल्या ‘असर’ सर्वेक्षणात साधारण याच पायऱ्या असतात. त्या एका कागदावर मावतात आणि त्यासाठी कोणतंही साहित्य विकत आणावं लागत नाही.

इथे एक सावधगिरी. तिसरीतला एक मुलगा पुस्तकातला धडा खडाखडा वाचायचा, बोटही ओळीवरून फिरायचं. मी सहज एक शब्द मधूनच विचारला, ‘हा कोणता?’ तो गप्प. त्याने परत ओळीच्या सुरुवातीला बोट नेलं, पुटपुटत पुढे आला आणि त्या शब्दावर पोचल्यावर म्हणाला, ‘झाडावर.’ सगळा धडा त्याला पाठ होता, वाचता येत नव्हता. दोन वर्षं तो ‘वाचणाऱ्यांच्या’ यादीत बसला होता. तेव्हापासून मी वाचन तपासताना पाठ्यपुस्तक घेतच नाही. मुलांच्या ओळखीचे शब्द घेऊन हाताने चार ओळी लिहिते आणि शेवटच्या ओळीपासून विचारते.

गणितात वीस चिंचोके मोजायला द्या, मग अंक ओळखायला, मग दोन अंकी संख्या ऐकून लिहायला. ‘त्रेचाळीस’ म्हटलं की निम्मी दुसरी ३४ लिहील. त्यांचा कान बरोबर आहे: आपल्या भाषेत एकक आधी बोललं जातं, ‘त्रे’ आधी येतो आणि ‘चाळीस’ नंतर. लिहिताना मात्र चार आधी. ‘एकोणपन्नास’मध्ये तर चारही ऐकू येत नाही आणि नऊही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’, ‘चाळीस तीन’ अशी मांडणी आली तेव्हा घराघरात वाद झाले. मी दोन्ही वापरते. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवायच्या, ‘चाळीस आणि तीन’ म्हणायचं, आणि लगेच ‘याला आजी काय म्हणते? त्रेचाळीस.’ बाजारात आणि घरात ऐकू येणारा शब्द मुलाला आलाच पाहिजे, पण तो गठ्ठ्यांना बांधून यावा.

हे सगळं एका मोठ्या कागदावर पेन्सिलने मांडा. उभी नावं, आडव्या पायऱ्या. पेन्सिलनेच, कारण दर पंधरा दिवसांनी खुणा पुढे सरकवायच्या आहेत. ऑनलाइन माहिती भरणं वेगळं. हा कागद फक्त तुमच्यासाठी.

इयत्तांच्या जोड्या आणि खोली

पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, की पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी? दुसऱ्या पद्धतीचे लोक म्हणतात, प्रत्येक शिक्षकाकडे निदान एक तरी इयत्ता स्वतःचं स्वतः वाचणारी असते. मी दोन्ही करून पाहिलं आणि पहिली-दुसरीवरच थांबले, कारण साहित्य एकच लागतं आणि दुसरीतली निम्मी मुलं पहिलीच्या पायरीवर असतात, तर पहिलीतलं एखादं दुसरीच्या. अट एवढीच की पहिली-दुसरी घेणारा शिक्षक निदान दोन वर्षं बदलू नये. दरवर्षी अदलाबदल केली की मुलाची ओळखच पुसली जाते.

खोलीचं फार लांबवत नाही. बाकं असतील तर निम्मी बाहेर काढा आणि बसकरं अंथरा, कारण बाकांवर साहित्य मांडता येत नाही. दोन गट एकमेकांकडे पाठ करून बसवा. एका गटाचा फळा पूर्वेच्या भिंतीवर, दुसऱ्याचा पश्चिमेच्या. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत भिंतीला काळा पट्टा रंगवून घ्या आणि त्यावर मुलांच्या नावाचे चौकोन आखा. पाट्या घेऊन तुमच्याकडे येणारी रांग त्या दिवसापासून थांबते, कारण सगळ्यांचं लिहिलेलं तुम्हाला उभ्या जागेवरून दिसतं.

चाळीस मिनिटांची तासिका, मिनिटा-मिनिटाने

सव्वाअकराची गणिताची तासिका घ्या, पहिली आणि दुसरी मिळून.

पहिली आठ मिनिटं सगळे एकत्र. तोंडी काम: वीसपासून उलटं मोजणं, ‘माझ्या मुठीत सात चिंचोके, तीन खाली पडले, उरले किती’ अशी गणितं. सोपं पहिलीला, त्याच गोष्टीतलं थोडं अवघड दुसरीला. या आठ मिनिटांत खोलीचा एकच आवाज असतो आणि तोच पुढच्या वेळेला सांभाळतो.

मग पहिलीला ‘आपलं काम’. पेटी उघडली, प्रत्येकाने आपलं सरावाचं कार्ड घेतलं (पेटी आणि कार्डांबद्दल पुढे सांगते), चिंचोके घेतले. इथे घाई करू नका. त्यांच्या हातांकडे बघत उभं राहा. सगळे हात चालू झाले की मगच तिथून हला. याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि ही दोन-तीन मिनिटं वाचवायला गेलेला शिक्षक पुढची बारा गमावतो. मग दुसरीकडे वळा. पंधरा मिनिटांच्या या टप्प्यातली उरलेली बारा मिनिटं दुसरीची, ‘बाईंचं काम’: हातच्याची वजाबाकी, गठ्ठा सोडून. ३२ मधून १५ काढायचे. तीन गठ्ठे, दोन सुट्या. ‘पाच सुट्या द्या.’ ‘नाहीत, बाई.’ ‘मग काय करायचं?’ कुणीतरी एका गठ्ठ्याचं रबर काढतं. ते रबर मुलाने स्वतःच्या हाताने काढलेलं असलं पाहिजे. तुम्ही काढून दाखवलंत, तर वहीत हातचा म्हणजे डोक्यावर काढलेला एक आकडा, एवढंच उरतं.

मग दोन मिनिटं चक्कर: पहिलीच्या रांगेतून फक्त बघत जायचं, बसायचं नाही. त्यानंतर बारा मिनिटं पहिलीजवळ ‘बाईंचं काम’, तेव्हा दुसरी स्वतःच्या कार्डांवर. शेवटची तीन मिनिटं साहित्य जागेवर. आठ, पंधरा, दोन, बारा, तीन: चाळीस झाली.

भाषेच्या तासिकेला क्रम उलटा, आधी पहिलीजवळ बसायचं, कारण सकाळी लहान मुलं ताजी असतात. दुपारच्या खिचडीनंतरच्या तासिकेला नवीन काहीच ठेवू नका.

सुरुवातीचे पंधरा दिवस हे जमणार नाही. मुलं उठतील, चिंचोके सांडतील, तुम्ही दुसरीजवळ बसला असताना पहिलीतलं कुणीतरी येऊन पदर ओढेल. तेवढे दिवस आपलं काम फक्त पाच मिनिटं ठेवा. मग सात, मग दहा. ऑगस्टच्या अखेरीस पहिली पंधरा मिनिटं एकटी बसते, हे मी तिन्ही शाळांत पाहिलं आहे.

‘आपलं काम’ म्हणजे काय आणि काय नाही

सगळी पद्धत यावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली तीन वर्षं मी एका गटाला शिकवताना दुसऱ्याला ‘हे दहा वेळा लिहा’ असं द्यायचे. वर्ग शांत व्हायचा, मला बरं वाटायचं. एकदा दुसरीतल्या एका मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. ‘कमळ’ हा शब्द दहा वेळा लिहायचा होता. तिने आधी वरपासून खालपर्यंत दहा ‘क’ काढले. मग शेजारी दहा ‘म’. मग दहा ‘ळ’. पान सुबक भरलं होतं. ‘काय लिहिलंस गं?’ म्हणून विचारलं, तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग पानाकडे पाहिलं. एकदाही तिने ‘कमळ’ लिहिलं नव्हतं. मी तिला रोज असा अर्धा तास देत होते. त्या दिवशीचं फार लागलं मला, आणि वर्गातलं नक्कल करून लिहिणं मी तिथेच बंद केलं.

आपल्या कामाला चार अटी लावा. एक, यातलं काहीही नवीन नको. ज्या प्रकारचं काम मुलाने तुमच्यासोबत निदान दोनदा केलं आहे, तेच आपलं काम म्हणून द्यायचं. दोन, काय करायचं ते कार्ड बघूनच कळलं पाहिजे, म्हणून पहिलं उदाहरण सोडवून दाखवलेलं असावं. तीन, बरोबर की चूक ते मुलाला स्वतः तपासता यावं: मागच्या बाजूला उत्तर, किंवा दोन तुकडे जुळले तरच चित्र पूर्ण होणं. चार, संपल्यावर पुढचं कार्ड तयार हवं. ‘बाई, झालं’ याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, पेटीने द्यायचं.

कार्डांसाठी खर्च करू नका. लग्नसराई संपली की वस्तीवरून पत्रिका गोळा करा. जाड, एका बाजूने कोऱ्या, मुलांच्या हातात वर्षभर टिकतात. चपलांची रिकामी खोकी म्हणजे पेट्या. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, फुटलेल्या बांगड्या नकोत पण अख्ख्या चालतात, तुरीच्या काड्या एकसारख्या कापून घ्या आणि दहा-दहाला रबर लावा. मी आणि सोबतच्या गुरुजींनी पहिल्या मे महिन्यात बसून १२० कार्डं केली होती. दरवर्षी त्यात भर पडते, फाटलेली जातात.

कार्डांना क्रमांक घाला आणि त्यांची शिडी लावा. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेने आसपासच्या ग्रामीण शाळांसाठी अशी शिडी आणि कार्डांची पद्धत घडवली. कर्नाटकात १९९५ च्या सुमारास एच. डी. कोटे तालुक्यातून ‘नली कली’ (आनंदाने शिकणं) सुरू झालं, त्यामागेही हाच विचार होता: इयत्ता कोणतीही असो, मूल आपल्या पायरीवरून चढत राहतं आणि चार दिवस गैरहजर राहिलं तरी परत आल्यावर तिथूनच पुढे जातं. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. तिथून आल्यावर अनेकांनी आधी फरशा रंगवून घेतल्या. फरशी नक्की रंगवा, पण त्या आकृतीवर मूल तुमच्याशिवाय काय करणार हे आधी ठरवा, रंग मागून आणा.

अडलेल्या मुलाचं काय? हात वर करून ते दहा मिनिटं बसतं, किंवा उठून तुमच्याकडे येतं. दोन्ही नको. आमच्याकडे ‘उपडी पाटी’ आहे. अडलं की पाटी उपडी ठेवायची आणि पुढचं कार्ड घ्यायचं. मी चक्कर मारते तेव्हा कुठल्या पाट्या उपड्या आहेत ते दिसतं. एकाच कार्डावर तीन उपड्या पाट्या दिसल्या की चूक मुलांची नसते, ते कार्ड पेटीतून काढून घेते.

गटप्रमुख, आणि चौथीचं मोठेपण

हुशार मुलाला ‘यांना शिकव’ म्हणून बसवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. ते मूल उत्तरं सांगत सुटतं, बाकीची लिहून घेतात, आणि त्याचं स्वतःचं शिकणं तिथेच थांबतं. त्याचे आईवडील विचारायला आले तर त्यांचं बरोबर आहे. गटप्रमुख दर सोमवारी बदला, सगळ्यांची पाळी लावा. त्याचं काम पेटी आणणं, कार्डं मोजून परत ठेवणं, पाणी प्यायला एका वेळी एकच जाईल हे बघणं. उत्तर सांगणं त्याच्या कामात नाही.

मोठ्यांनी लहानांसाठी करायची एक गोष्ट मात्र फार मोलाची आहे. आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटं जोडीवाचन. चौथीतल्या प्रत्येकाला पहिली-दुसरीतला एक जोडीदार. त्याने गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचं. यात खरा फायदा होतो चौथीतल्या मागे पडलेल्या मुलाचा. एरवी त्याच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं तर तो मान खाली घालतो. इथे तेच सोपं पुस्तक त्याला धाकट्यासाठी वाचायचं असतं, म्हणून तो आदल्या दिवशी येऊन विचारतो, ‘बाई, उद्या कोणतं आहे? घरी नेऊ?’ अशाने एका वर्षात दोन मुलं शब्दावरून गोष्टीवर आलेली मी पाहिली आहेत.

एकच विषय, चार इयत्तांना चार पातळ्यांवर

गणित आणि वाचन पायरीप्रमाणे, पण परिसर अभ्यासात चारही इयत्तांना एका विषयावर आणता येतं. गुरुवार-शुक्रवारच्या दुपारी आम्ही दोघे मिळून सगळी शाळा एकत्र घेतो. एक उदाहरण देते, ‘पाणी’.

सगळे मिळून हातपंपावर जाऊन आलो. पहिलीने परत येऊन भांड्यांची चित्रं काढली, तांब्या, कळशी, हंडा, आणि एका तांब्यात किती पेले मावतात ते ओतून मोजलं. दुसरीने एका कळशीत किती तांबे ते मोजून दोन-तीन वाक्यं लिहिली. तिसरीने घरी विचारून आणलं: रोज किती हंडे लागतात, कोण आणतं. त्याचा तक्ता फळ्यावर मांडला. चौथीने हंडा लिटरच्या बाटलीने भरून मोजला, आमच्याकडचा १२ लिटरचा निघाला. मग ज्या घरी रोज नऊ हंडे लागतात तिथे दिवसाला १०८ लिटर, आठवड्याला ७५६. आकडा फळ्यावर आल्यावर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग एवढं आमची आईच उचलते का?’ तक्त्यातला ‘कोण आणतं’चा रकाना सगळ्यांनी पुन्हा वाचला. एक घर सोडून सगळीकडे ‘आई’ किंवा ‘ताई’ लिहिलं होतं. पुढचा अर्धा तास मला काही बोलावं लागलं नाही.

विषय निवडताना एवढंच बघा की वस्तू हातात घेता आली पाहिजे आणि घरी विचारता आलं पाहिजे. आठवडी बाजार, भात लावणी, घराचं छप्पर, आपल्या वाडीची वाट. पाण्याच्या विषयाला विहिरीवर नेऊ नका, हातपंपच बरा, आणि दोघांपैकी एक शिक्षक कायम रांगेच्या शेवटी.

घरची बोली

बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या तारा मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करत होत्या, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. कुरणशाळा. भाषेच्या बाबतीत मला तेच करावंसं वाटतं, आपण मुलाच्या मागे जायचं. घरी वारली, कोरकू, पावरी, गोंडी किंवा आमच्याकडची ठाकरी बोली बोलणारं मूल पहिलीत गप्प बसतं, तेव्हा त्याला येत नाही असं लिहून मोकळं होऊ नका. पहिल्याच महिन्यात घरच्या ५० वस्तूंची नावं मुलांकडून विचारून भिंतीवर लावा, शेजारी पुस्तकातला शब्द. मुलांकडून शब्द शिकणाऱ्या बाईंशी मुलं लवकर बोलू लागतात. पहिले सहा महिने उत्तर कोणत्याही बोलीत आलं तरी ते बरोबर धरा, वाचायला लागल्यावर पुस्तकातली भाषा आपसूक जोडली जाते.

एकट्याचा दिवस

सोबतचे शिक्षक प्रशिक्षणाला, केंद्राच्या शिक्षण परिषदेला किंवा रजेवर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना देता येतात, त्यामुळे असे दिवस येणारच. सकाळी साडेदहाला चारही इयत्ता एका खोलीत आणि तुम्ही एकट्या. त्या दिवशी सुचेल ते करायला गेलात तर दिवस आरडाओरड्यात जातो. त्यासाठी जुलैतच एक वेगळी पेटी भरून ठेवा, आमच्याकडे तिला लाल कापड बांधलेलं असतं.

क्रम असा ठेवा. परिपाठ लांबवा, पाऊण तास, त्यात चौथीने बातम्या आणि तिसरीने गोष्ट. मग जोडीवाचन वीस मिनिटं. मग गणित, पण इयत्ता मोडून: जूनचा तो पेन्सिलचा कागद काढा आणि पायरीप्रमाणे तीन गट करा. अंक ओळखणारे, दोन अंकी बेरीज-वजाबाकीचे, गुणाकार-भागाकाराचे. तीन गट सांभाळणं चार इयत्तांपेक्षा खूप सोपं जातं, कारण एका गटातल्या सगळ्यांना एकच कार्ड चालतं. त्या तासात एकाच गटाजवळ बसा, सगळ्यांत खालच्या पायरीच्या, आणि उरलेल्या दोघांना लाल पेटी. खिचडीनंतर एकत्र विषय, चित्रं, माती. शेवटचा तास मैदान. त्या दिवशी कोणत्याही इयत्तेला नवीन पाठ नाही आणि वह्या तपासणं नाही.

पोषण आहाराचं वाटप आणि हिशेब, कुणी पालक आले तर त्यांच्याशी बोलणं, हे सगळं त्याच दिवशी तुमच्यावर येतं. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका-दोघांना आधीच सांगून ठेवा, की फोन केला तर दुपारी तासभर येऊन बसा. आमच्याकडे एक आजी येतात. त्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात, मुलं अवतीभवती बसतात, आणि मला तेवढ्यात तांदूळ मोजून नोंद करता येते.

स्थलांतर

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांची यादी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच करा. मूल मागे आजीकडे राहू शकतं का, हंगामी वसतिगृहाची सोय होते का, याबद्दल पालकांशी तेव्हाच बोला, गाडी दारात आल्यावर नाही. जाणारच असेल तर कार्डांचा एक जुडगा आणि दोन गोष्टीची पुस्तकं पिशवीत घालून द्या, आणि त्याच्या शिडीची पायरी एका चिठ्ठीवर लिहून द्या. ते तिकडे दुसऱ्या शाळेत बसलं तर तिथल्या शिक्षकाला ही चिठ्ठी उपयोगी पडते. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येतं तेव्हा त्याला त्याच्या इयत्तेच्या पाठावर बसवू नका. पेटी उघडा, त्याचं जुनं कार्ड काढा. माझ्याकडे एक मुलगा पाच महिन्यांनी परत आला, पिशवीतून तो जुडगा काढला, एक कार्ड कमी होतं. ‘ते धाकटीनं घेतलं, बाई. ती पण करते आता.’

वह्या आणि नोंदी

२७ मुलांच्या भाषा-गणिताच्या वह्या रोज घरी नेऊन लाल रेघा ओढण्यात काही हाती लागत नाही. मुलाला दुसऱ्या दिवशी ती चूक आठवतही नाही. ‘बाईंचं काम’ चालू असताना शेजारी बसूनच तपासा, एका वेळी दोन-तीन वह्या, आणि चूक त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी खिशात छोटी वही ठेवा. ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहू नका, त्यातून पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. ‘गठ्ठा सोडून वजाबाकी करतो, वहीत हातचा विसरतो’ असं लिहा. दिवसाला तीन मुलांच्या नोंदी केल्या तर नऊ दिवसांत सगळा पट होतो.

संध्याकाळची वीस मिनिटं

मुलं गेल्यावर लगेच निघू नका. दोघांनी मिळून उद्याच्या पेट्या भरा. कोणती कार्डं संपली, कुठल्या पाट्या उपड्या होत्या, उद्या पहिल्यांदा कोणाजवळ बसायचं. रबर तुटलेले गठ्ठे पुन्हा बांधा. टाचण, म्हणजे उद्याच्या पाठांची नोंद, त्याच वेळी लिहा, दोन ओळींत: बाईंचं काम काय आणि आपलं काम काय. मग पेट्या मुलांच्या हाताला लागतील अशा खालच्या फळीवर ठेवा, कारण सकाळी तुम्हाला पोचायला एसटीमुळे दहा मिनिटं उशीर झाला, तर गटप्रमुखाला त्या स्वतःच काढून बसता आलं पाहिजे.